पॅनलखालच्या कुरडया

मी बावीस वर्षं शाळेत भूगोल शिकवते आहे. सूर्य कोणत्या महिन्यात किती कलतो, सावली कधी लांबते आणि कधी आखडते, हे फळ्यावर इतक्या वेळा काढलंय की डोळे मिटूनही काढता येईल. आमच्या शहरावर मे महिन्यात एक दिवस सूर्य बरोबर डोक्यावर येतो. त्या दिवशी सुट्टी असूनही मी मुलांना मैदानावर बोलावते, बाटली उभी करते आणि तिची सावली तिच्याच बुडाखाली गडप झालेली दाखवते. हे सगळं आधीच सांगून ठेवते, कारण पुढची हकिगत वाचून कुणी म्हणू नये की बाईंना ठाऊक नसेल. ठाऊक होतं.

घरावर सोलर बसवायचं दोन वर्षांपासून माझ्या डोक्यात होतं. त्यामागे थोडी तत्त्वं होती आणि बराचसा कूलर होता. आमच्याकडे मार्च अर्धा झाला की कूलर खिडकीत चढतो तो पाऊस स्थिरावल्याशिवाय उतरत नाही. तत्त्वांचं म्हणाल, तर माझ्या मामाचं गाव औष्णिक वीज केंद्राच्या शेजारी आहे. लहानपणी सुट्टीत तिथे गेलं की दोरीवर घातलेला पांढरा सदरा संध्याकाळी करडा होऊन खाली यायचा. मामी तो झटकायची आणि म्हणायची, ‘ही तुमच्या शहरातल्या दिव्यांची राख.’ मामीचं हे वाक्य मी ऊर्जेच्या धड्याला दरवर्षी वापरते. वर्गाला सांगते, की विकसनशील देशापुढे तीन गोष्टी एकदम उभ्या असतात: वीज हवी, हाताला काम हवं आणि हवा-पाणीही शाबूत राहायला हवं, तिन्ही एकत्र साधणं हीच कसोटी. मुलं वहीत उतरवून घेतात, मी स्वतःवर खूष होते आणि घरी येऊन कूलर लावते.

आमचं घर सिडकोतल्या एका अरुंद गल्लीत आहे. नळाला पाणी त्याच्या सवडीनं येत असल्यामुळे गल्लीतल्या बहुतेक गच्च्यांवर टाक्यांची दाटी आहे. एकेका घराला तीन-तीन काळ्या टाक्या आणि मधून पाइपांचं जाळं. आमची टाकी नवऱ्यानं जिन्याच्या माथ्यावर चढवलेली, त्यामुळे गच्ची रिकामी. अशी दिवसभर उन्हाची, सपाट गच्ची गल्लीत दोघांकडेच होती. एक आमची आणि दुसरी समोरच्या काकांची. काकांच्या गच्चीवर कुणी जात नसे, कारण काका.

होळी झाली की गल्लीतल्या बायका वाळवणं घेऊन आमच्या जिन्यानं वर जायच्या. कुणी विचारत नसे. जिन्याचं दार सकाळी उघडं ठेवायचं, एवढंच माझं काम. वाळवणाला गच्ची देणं हे आमच्याकडे उपकारात धरत नाहीत. ऊन काही घरमालकाचं नसतं.

या बायकांत सगळ्यात जास्त जागा मावशींना लागायची. मावशी म्हणजे गल्लीच्या टोकाला पत्र्याच्या दोन खोल्यांत राहणाऱ्या. मूळच्या कन्नड तालुक्यातल्या. त्यांच्या यजमानांची कंपनी बंद पडली तेव्हापासून ते घरीच असतात आणि घर मावशींच्या उन्हाळ्यावर चालतं. कुरडया, सांडगे, शेवया. चैत्र-वैशाखात ऑर्डरी घ्यायच्या, करायच्या, वाळवायच्या, पोचवायच्या. उरलेलं वर्ष त्यावर आणि मिळेल त्या कामावर. त्यांच्या पत्र्याला उतार आहे, तिथे मांजरही बेतानं चालतं. म्हणजे मावशींचा कारखाना त्यांच्या घरात आणि कारखान्याचं छप्पर माझ्याकडे, अशी व्यवस्था बरीच वर्षं बिनबोभाट चालू होती. ऊर्जेच्या धड्यात कोळसा, तेल, वारा आणि धरणं आहेत. मावशींचं ऊन त्यात नाही, त्याला मीटर नाही म्हणून असेल. मीही कधी फळ्यावर ते लिहिलं नव्हतं.

सोलर बसवणारा माणूस पूर्वी इन्व्हर्टरचं दुकान चालवायचा. पन्नाशीचा, शांत, गच्चीवर फिरताना कानामागे पेन्सिल. त्यानं सगळं मोजलं आणि विचारलं, “मॅडम, स्ट्रक्चर नॉर्मल लावू का हाय?”

“फरक काय?”

“नॉर्मल म्हणजे गुडघ्याइतकं. हाय म्हणजे खालून माणूस आरामात चालतो. खर्चा थोडा जादा, लेकिन खाली मस्त सावली मिळते. लोकां झूला टांगते.”

त्यानं सावली हा शब्द स्वच्छ उच्चारला होता. मला मात्र तेवढ्यात मावशी आठवल्या होत्या, आणि आपण गल्लीतल्या एका कष्टाळू बाईचा विचार करतोय या जाणिवेनं मी इतकी भरून गेले की बाकीचं वाक्य ऐकलंच नाही. “हायच लावा,” मी म्हणाले. “खाली वाळवणं घालायची असतात.”

त्यानं पेन्सिल कानामागून काढली, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा कानामागे ठेवली. “वाळवणं,” तो म्हणाला. “बरं.” गिऱ्हाईक शाळेतली बाई आहे म्हटल्यावर माणसं फार प्रश्न विचारत नाहीत.

आणखी एक उद्योग मी त्याच आठवड्यात केला. समोरच्या काकांची पाण्याची टाकी उंच लोखंडी घोडीवर होती आणि चारनंतर तिची सावली माझ्या दोन पॅनलवर पडणार होती. मी कागदावर पट्टीनं रीतसर आकृती काढली. सूर्य, टाकी, पॅनल, कोन अंशांसकट. खाली ‘सौजन्यपूर्ण विनंती’ असं लिहिलं आणि फोटो काढून गल्लीच्या व्हॉट्सॲप गटावर टाकला. काकांकडून जोडलेल्या हातांचं एक चित्र आलं. पुढच्या आठवड्यात प्लंबर येऊन त्यांची टाकी खाली गच्चीच्या कोपऱ्यात बसवून आणि घोडी काढून गेला. काका माझ्याशी बोलायचे बंद झाले. मला वाटलं, विज्ञान पटलं की माणूस अंतर्मुख होतो.

खांब उभे राहायला लागले तेव्हा मावशी वर येऊन गेल्या. पदर कमरेला खोचून बराच वेळ त्या लोखंडाकडे बघत उभ्या होत्या.

“बाई, माझं कसं मग?”

“मावशी, तुमच्यासाठीच तर एवढं उंच केलंय. खाली आठ फूट. उभ्यानं काम करा.”

“जागा व्हय, दिसतीया.” त्या अजून वरच बघत होत्या. “मला वैजापूरची लग्नाची ऑर्डर आलीया. रुखवताचं, पंगतीचं, समदं. लई मोठी हाय. घेऊ का नको?”

“बिनधास्त घ्या.”

“तुमी म्हणताय म्हून घेते.”

मी म्हणत होते म्हणून त्यांनी घेतली. हे वाक्य मला पुढे बरेच दिवस पुरलं.

कुरडईचं काम ज्यांनी केलं नाही त्यांच्यासाठी सांगते. गहू तीन दिवस भिजत घालायचा, रोज पाणी बदलायचं. चौथ्या दिवशी वाटून, पिळून चीक काढायचा. तो रात्रभर बसू द्यायचा. पहाटे वरचं पाणी ओतून चीक शिजवायचा, आणि गरम आहे तोवर सोऱ्यातून कुरडया पाडायच्या. गार झाला की सोऱ्या फिरत नाही. पाडल्या की दोन दिवस कडक ऊन. आंबवलेलाच पदार्थ तो. ऊन मिळालं नाही तर पुढे आंबत जातो. यात कुठेही थांबता येत नाही. चार दिवसांच्या कामाची गाठ शेवटी उन्हाशी असते.

पॅनल बसले, मीटर बदलून झालं, आणि एका सोमवारी पहाटे मावशी त्यांच्या जावेला घेऊन वाफाळतं पातेलं जिन्यानं वर घेऊन आल्या. प्लास्टिकचे कागद अंथरले. सोऱ्या फिरायला लागला. मीही शाळेआधी वर गेले. वाटीभर गरम चीक दूध-साखर घालून खाल्ला आणि पाहिलं तर पूर्वेचं ऊन पॅनलच्या खालून तिरकं आत येऊन कागदांच्या पार दुसऱ्या टोकापर्यंत पोचलेलं. पांढऱ्या कुरडयांच्या रांगा चमकत होत्या. वर वीज तयार होतेय, खाली कुरडया वाळतायत. ऊर्जा, रोजगार, पर्यावरण. मी मोबाईलवर फोटो काढला आणि शिक्षकांच्या गटावर टाकला. खाली लिहिलं, ‘एकाच सूर्याचे दोन उपयोग.’

“बघा मावशी, म्हटलं नव्हतं?”

“व्हय बाई,” मावशी म्हणाल्या. त्यांचाही जीव भांड्यात पडलेला दिसत होता.

मी शाळेत गेले. नववीला त्या दिवशी अक्षांश-रेखांश होते.

साडेबाराला घरी आले तेव्हा वरून काहीतरी ओढल्याचा आवाज येत होता. जिना चढून गेले तर दोघी जावा एका कागदाची चार टोकं धरून तो कठड्याकडे सरकवत होत्या. गच्ची पॅनलच्या सावलीनं भरली होती. ऊन होतं ते कडेकडेनं, दोन हातांच्या पट्ट्यात. त्या पट्ट्यात जेवढे कागद मावले तेवढे कोंबलेले, बाकीचे सावलीत. सरकवताना ओल्या कुरडयांच्या तारा तुटून कागदभर पसरल्या होत्या.

मावशींनी कपाळाचा घाम पुसला. “नऊपस्तोर होतं, बाई. मग गेलं. तिकडल्या कडंला गेलं म्हून तिकडं नेलं, तर तिथनंबी गेलं. सकाळधरनं म्या त्याच्या मागंच हाय.”

मी वर पाहिलं. सूर्य जवळजवळ डोक्यावर होता, पॅनल त्याच्या खाली होते आणि पॅनलच्या खाली आम्ही होतो. बाटली, बूड आणि सावली. सकाळी सूर्य खाली असताना ऊन तिरकं आत आलं होतं. तो चढत गेला तसं बाहेर गेलं. छप्पर आठ फुटांवर असो की अठरा, छप्पर ते छप्परच. हे पाचवीतलं पोर सांगेल.

“चारनंतर पश्चिमेकडून पुन्हा येईल,” मी म्हणाले.

“चारनंतरच्या उन्हानं पापणी वाळत नाय, बाई.”

चूक कळल्यावर शहाणा माणूस गप्प बसतो. मी उपाय काढला. खालून दोन टेबलफॅन आणले, एक्स्टेन्शन बोर्ड लावला आणि पंखे कुरडयांवर सोडले. “वीज आता आपलीच आहे मावशी, दिवसभर चालू द्या.”

मावशींची जाऊ एरवी काही बोलत नाही. ती पंख्याकडे बघून म्हणाली, “म्हंजी उन्हाची इज करायची, इजेचा वारा करायचा आन् वाऱ्यानं वाळवायचं. मधलं समदं कशाला?”

मी पंख्याचा वेग एकनं वाढवला.

नवरा कामावरून आला, वर डोकावला आणि म्हणाला, “भूगोलात शंभरपैकी किती देतेस स्वतःला?”

“तू मोटारींच्या कारखान्यात आहेस, तुझ्या का नाही लक्षात आलं?”

“मला वाटलं तुझा काहीतरी हिशोब असेल. तुझा नेहमी असतो.”

दुसऱ्या दिवशी सकाळी जिन्यातच वास आला. पंख्याच्या वाऱ्यानं कुरडयांना वरून कोरडी साल धरली होती. आत चीक ओलाच राहिला आणि आंबून गेला. मावशींनी एक उचलून मोडली. ती मोडली नाही, वाकली. खालून चिकट. त्यांनी ती नाकाजवळ नेली आणि कागदावर परत ठेवली, हळूच, जणू चांगली आहे.

मी बोलायला सुरुवात करणार तेवढ्यात त्याच म्हणाल्या, “चूक माझीच हाय, बाई. मला वर बघायला पायजे हुतं. हयात गेली वाळवणात.”

त्या मला ओरडल्या असत्या तर मला माझी बाजू मांडता आली असती. माझी बाजू तयार होती. त्यांनी कागद गोळा केले, सोऱ्या धुतला, पातेलं उपडं केलं. आंबलेल्या कुरडया कोपऱ्यावरच्या गाईपुढे टाकल्या. गाईनं हुंगल्या आणि तोंड फिरवलं. गल्लीतल्या दोन-तीन बायकांनी ते पाहिलं. मावशींच्या हातच्या कुरडया गाय खात नाही, ही बातमी दुपारपर्यंत मागच्या गल्लीत पोचली असणार.

वैजापूरचा माणूस पुढच्या सोमवारी जीपनं माल न्यायला येणार होता. मंगळवार उजाडला होता. आज गहू भिजवला तर शुक्रवारी चीक, शनिवारी पहाटे कुरडया, शनिवार-रविवार ऊन. मध्ये एकही दिवस शिल्लक नाही, आणि गच्ची नाही. नवरीकडच्यांना नाही म्हणायचं तर मावशींचा पुढचा हंगामही गेला. लग्नघरी एकदा शब्द फिरला की त्या तालुक्यात पुन्हा ऑर्डर मिळत नाही.

“गहू भिजवा,” मी म्हणाले. “माझ्याकडचा घ्या. गच्ची मी बघते.”

“गहू घेतेच,” मावशी म्हणाल्या. “गच्चीचं काय ते शुक्रवारपस्तोर सांगा. नायतर म्या वैजापूरला फोन लावते.” या वेळी ‘तुमी म्हणताय म्हून’ असं त्या म्हणाल्या नाहीत.

मी आधी सोलरवाल्याला फोन केला. एक रांग काढून देता का म्हणून विचारलं. तो म्हणाला, मंजुरी, कागदपत्रं, कामगार, पंधरा दिवस तरी. “मॅडम, मी त्या दिवशी बोललो होतो, सावली म्हणून.” बोलला होता. मग शाळेच्या गच्चीचा विचार केला. तिथे माकडं येतात. म्हणजे उरले काका. त्यांची गच्ची आता अगदी मोकळी होती. टाकीच्या घोडीचीसुद्धा सावली नव्हती; ती मीच काढायला लावली होती.

बुधवारी संध्याकाळी गेले. काका सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले, एकटे राहतात. दार त्यांनीच उघडलं.

“या मॅडम. आता काय खाली घ्यायचं? घर?”

“काका, गच्ची पाहिजे होती. शनिवार-रविवार. मावशींच्या कुरडयांना.”

“तुमच्या गच्चीला काय झालं?”

“सावली आहे.”

“कुणाची?”

मी चपलेकडे बघितलं.

“ऐकू कमी येतं मला. कुणाची म्हणालात?”

“पॅनलची.”

काकांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला, पुन्हा घातला. त्यांना घाई नव्हती. “तुमची ती आकृती आली, टाकी खाली घेतली. तेव्हापासून माझ्या शॉवरला दाब नाही. थेंब-थेंब येतं. सत्तराव्या वर्षी बादलीनं आंघोळ करतो.”

“मला कल्पना नव्हती.”

“आकृतीत नव्हतं ते.”

मी निघण्याच्या बेतात होते तेव्हा काका म्हणाले, “मावशींना सांगा, जिना उघडा आहे. कधीही या म्हणावं. त्यांना अट नाही.”

“फार उपकार झाले, काका.”

“अट तुम्हाला आहे. तशीच एक आकृती काढायची. तुमच्या पॅनलची, कुरडयांसकट. अंश पाहिजेत. आणि गटावर टाकायची.”

मी घरी येऊन पट्टी घेतली. वर सूर्य काढला. खाली पॅनल, त्यांच्याखाली आठ फूट, त्याखाली बारीक बारीक भोवरे, म्हणजे कुरडया. पॅनलच्या दोन्ही टोकांतून किरण खाली आणले आणि मधला भाग पेन्सिलीनं काळा केला. भोवरे सगळे काळ्यात. अंश लिहिले. खाली काय लिहावं हे सुचेना. नवरा मागून म्हणाला, “एकाच सूर्याचे दोन उपयोग.” शेवटी ‘चूक माझी आहे. मावशींच्या कुरडया यामुळे खराब झाल्या, त्यांच्या हातामुळे नाही’ असं लिहिलं आणि पाठवलं. हे दुसरं वाक्य काकांच्या अटीत नव्हतं, पण गाईची बातमी ज्या वाटेनं गेली होती त्याच वाटेनं हेही जायला हवं होतं.

दहा-बारा अंगठे आले. कुणीतरी ‘छान माहिती’ असं लिहिलं. माझी एक जुनी विद्यार्थिनी आता याच गल्लीत सून म्हणून आली आहे. तिनं विचारलं, ‘बाई, हे परीक्षेला आहे का?’ काकांच्या नावापुढे दोन निळ्या खुणा तेवढ्या दिसल्या.

शनिवारी मी शाळेतून रजा घेतली. बावीस वर्षांत कुरडयांसाठी घेतलेली पहिली रजा. अर्जात ‘घरगुती कारण’ लिहिलं. उजाडता उजाडता आम्ही पातेलं काकांच्या जिन्यानं वर नेलं. त्या जिन्याच्या पायऱ्या उंच आहेत. मावशी पुढे, जाऊ मागे, मी रिकाम्या हातानं सूचना देत. पातेलं धरू का म्हटलं तर मावशी म्हणाल्या, “नको बाई, तुमी नुसतं कावळं बघा.” म्हणून मी कावळे बघितले. हातात काठी, डोक्यावर छत्री. दहाच्या सुमाराला मावशी लांबूनच म्हणाल्या, “छत्री तिकडं धरा बाई. सावली पडतीया.” मी छत्री मिटवली.

त्या गच्चीवर दिवसभर ऊन होतं, सकाळी, दुपारी, चारलाही, कुठेही न हलता. माझ्या नाकाची साल निघाली. दुपारी काका एकदा वर आले, सगळीकडे नजर फिरवली, मावशींना ताकाचा तांब्या दिला आणि मला विचारलं, “किती अंश?” उत्तराची वाट न बघता खाली गेले.

रविवारी संध्याकाळी मावशींनी परातीत कुरडया ओतल्या तेव्हा त्या खडखडल्या. काकांच्याच गॅसवर एक तळली. कढईत पडली तशी फुलली, पांढरी, कढई भरून. मावशींनी ती न खाता काकांपुढे केली. सोमवारी जीप आली, डबे गेले. लग्न झाल्यावर वैजापूरहून पुढच्या वर्षाची आणखी एक ऑर्डर आली.

माझी गच्ची मात्र गेली ती गेली. उरलेल्या हंगामात गल्लीतल्या बायका काकांच्या जिन्यानं वर जाऊ लागल्या. काकांनी गच्चीवर नळ काढून दिला आणि त्यांच्या टाकीला दाबाचा एक छोटा पंप बसला. तो पंप नवऱ्यानं लावून दिला, माझ्या वतीनं. विजेचं बिल कमी आलं. कूलर निश्चिंतपणे चालला. मी दुपारी त्याच्यापुढे बसायचे आणि समोरच्या गच्चीवरचं बोलणं-हसणं ऐकायचे. पूर्वी ते माझ्या डोक्यावर चालायचं आणि मला त्याचा त्रास व्हायचा. कुणी माझ्यावर रागावलेलं नव्हतं. फक्त आमच्याकडे कुणाचं काम उरलं नव्हतं.

मेच्या शेवटी एका दुपारी मावशी आपणहून आल्या. जिन्याचं दार उघडायला लावलं, वर गेल्या आणि पॅनलखाली फरशीवर बसल्या. मी शेजारी उभी राहिले. बाहेर ऊन तापलं होतं. आत सावली आणि चारी बाजूंनी येणारा वारा. मावशींनी फरशीवर तळवा टेकवला, उचलला, दुसऱ्या जागी टेकवला.

“बाई, उडदाचं पापड उन्हात घालत न्हाईत. उन्हात वाकडं हुत्यात, चिरा पडत्यात. सावली लागती आन् वारा लागतो. माझ्या पत्र्याखाली नुसतं उकडतं, म्हून मी ती ऑर्डर कधी घेतली नाय.” त्यांनी चारी बाजूंना पाहिलं. “हितं वाळतील.”

“मी एक रांग काढायचं ठरवतेय, मावशी. सोलरवाल्याशी बोलणं झालंय.”

“त्याला नको म्हणा. आता काही काढू नका आन् काही लावू नका.”

दुसऱ्या दिवसापासून त्या पिठाचा गोळा घेऊन यायला लागल्या. कुटायचं काम जावेचं, लाटायचं दोघींचं, आणि पापड जाळीच्या कापडावर पॅनलखाली. दुपारी मी वर जाईपर्यंत एक बाजू सुकलेली असते. उलटवायचं काम आता माझ्याकडे आहे. सोलरवाला तपासणीला आला होता, तो खाली पसरलेले पापड बघून म्हणाला, “मॅडम, आपका हिसाब बरोबर था.” मी नाही म्हणाले नाही. मावशी तिथेच होत्या. त्या लाटत राहिल्या.

एक दिवस मी लाटायलाही बसले. मावशींनी हरकत घेतली नाही, एक जुना पोळपाट दिला. माझे पापड कुठल्याच बाजूनं गोल होत नाहीत. कुणाला शेपूट येतं, कुणाला खांदा. वाळल्यावर मावशी ते एकेक करून बाजूला काढतात, वेगळ्या डब्यात भरतात आणि जाताना तो डबा आमच्या ओट्यावर ठेवून जातात. ऑर्डरीत घालत नाहीत. आमच्याकडे सध्या जेवणात रोज पापड असतो.